हॅलो... माइक टेस्टिंग!

"आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो..."

घाबरू नका! मासिकाची पानं उलटू नका. हे भाषण नाही, लेखच आहे. पण भाषणावरचा लेख आहे, आणि तोही एका पडलेल्या भाषणावरचा. ते भाषण माझंच असल्यामुळे सगळा तपशील खात्रीने सांगू शकते.

आधी थोडी बढाई मारून घेते. माझं शिक्षण केजीपासून बारावीपर्यंत गोंदियाच्या एका कॉन्व्हेंटमध्ये झालं. इलोक्युशन कॉम्पिटिशन म्हटली की माझं नाव पहिलं. हात कधी उचलायचा, आवाज कुठे खाली आणायचा, शेवटच्या वाक्याला प्रेक्षकांच्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे कसं बघायचं, सगळं पाठ! घरच्या शोकेसमध्ये सात कप आहेत. कॉलेजात आल्यावरही सेमिनार म्हणजे माझ्या हातचा मळ. आमच्या हॉस्टेलमध्ये ज्युनिअर्सना ग्रुप डिस्कशनची भीती वाटली की त्या माझ्या रूमचं दार वाजवतात.

मराठीचं मात्र विचारू नका. शाळेत मराठी बोललं की दहा रुपये दंड होता. त्यामुळे घरी मराठी, वहीत इंग्रजी आणि बाजारात हिंदी अशी माझी तीन खात्यांत विभागणी झालेली. (हा लेखसुद्धा रूममेटने दोनदा तपासला आहे. उरलेल्या चुका माझ्या.)

तर अशा या सात कपवाल्या वक्त्याचं भाषण २०२५ च्या गणपतीत दवनीवाड्याला धाडकन पडलं.

दवनीवाडा हे आमचं मूळ गाव. गोंदिया तालुक्यात, वैनगंगेच्या पट्ट्यात. नदीपलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण आजीच्या बोलण्यात अजून 'भंडारा जिल्हा'च असतो. पप्पा नोकरीसाठी गोंदियाला आले आणि आम्ही शहरवाले झालो. आजी मात्र गावातच राहते. मुलूख धानाचा. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, पाऊस लागला की रोवणी, आणि मग गणपती येईपर्यंत माणसं बांधीतल्या पाण्याचिखलातच. जिथे धान तिथे उंदीर आणि बेडूक, आणि जिथे उंदीर-बेडूक तिथे साप. हे गणित शिकायला इंजिनिअरिंगला यावं लागत नाही.

त्या वर्षी मंडपाच्या ताडपत्रीखाली परड निघाली. (पुस्तकात जिला घोणस म्हणतात तिला विदर्भात पुष्कळ ठिकाणी परड म्हणतात.) मंडळाचे अध्यक्ष नात्याने माझे काका लागतात. त्यांनी फोन केला, "बेटा, तू एवढी शिकून राहिली, शनवारी आरती झाल्यावर पोट्ट्यायले सापाबद्दल दोन शब्द सांग."

दोन शब्द? मी बावीस स्लाइड्स केल्या!

काकांनी गोंदियाहून प्रोजेक्टर भाड्याने आणला. मंडपात पांढरी चादर ताणून बांधली. मंडळाचा पोट्टा माइकवर बोटांनी टकटक करून ओरडला, "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग... आवाज येऊन राहिला का?" मागून आवाज आला, "हाव, येऊन राहिला!" आणि मी सुरू झाले.

काय नव्हतं त्या भाषणात? २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, हा संशोधकांचा अंदाज होता. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं, हेही होतं. न्यूरोटॉक्सिन म्हणजे काय, हिमोटॉक्सिन म्हणजे काय, त्यांच्या रंगीत आकृत्या होत्या. एकही आकडा चुकीचा नव्हता. फक्त चादरीवरच्या न्यूरोटॉक्सिनपेक्षा चादरीवर जमलेल्या किड्यांकडे लोकांचं जास्त लक्ष होतं! पाचव्या स्लाइडला लहान पोरं प्रसादाच्या परातीकडे सरकली. दहाव्या स्लाइडला मागची माणसं तंबाखू मळत बाहेर गेली. श्रोते हातातून जातायत म्हटल्यावर मी कॉन्व्हेंटचं अस्त्र काढलं. आवाज चढवला, हात उचलला आणि म्हटलं, "अडाणीपणामुळे आणि अंधश्रद्धेमुळे आईबापच आपल्या मुलांना मांत्रिकाकडे नेऊन मारतात! दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे! २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली शिक्षा होऊ शकते!"

मंडप शांत झाला. मला वाटलं, जमलं बरं का!

बायकांच्या रांगेतून आजी उठली. पदर सावरला, चपला शोधल्या आणि कोणाकडेही न बघता घरी निघून गेली.

शेवटी टाळ्या वाजल्या. काकांनी नारळ दिला. पण एकाही माणसाने एकही प्रश्न विचारला नाही. आपल्या सेमिनारला प्रश्न आला नाही की आपण सुटकेचा श्वास सोडतो. त्या रात्री मला कळलं की प्रश्न न येणं हा केवढा वाईट शेरा असतो.

घरी आले तर आजी ओसरीवर अंधारात बसलेली. मी विचारलं, "आजी, बरं नाही का?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुले एक आत्या होती, मालूम आहे नं?"

मला एवढंच माहीत होतं की पप्पांची एक लहान बहीण ताप येऊन गेली. घरात तो विषय कधी निघत नसे. त्या रात्री आजीने पहिल्यांदा सांगितलं.

साल १९८९. आत्या अकरा वर्षांची. पावसाळा होता, सगळी जमिनीवर बोरा टाकून झोपलेली. पहाटेच्या आधी पोरगी उठून म्हणाली, पोट दुखतं. आजीने ओवा दिला. मग तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या. आजीला वाटलं, झोप येतेय. चावल्याची खूण नाही, सूज नाही, रक्त नाही. मग आजोबांना बोऱ्याच्या कडेला काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला साप दिसला. मण्यार. आमच्याकडे काही जण करैत म्हणतात.

"बाहेर धो धो पानी. नाल्याले पूर. गोंदियाले जायाले बैलबंडी, अन् बैल पान्यात उतरेना. मांत्रिक होता चार घरं सोडून. दार वाजवल्याबरोबर उठला. पैसा नाही मांगला. सकाळवरी पोरीजवळ बसून होता. आम्ही काय करावं होतं, सांग?"

मी काय सांगणार? माझ्या बावीस स्लाइड्समध्ये याचं उत्तर नव्हतं.

"तू मंडपात म्हनली, आईबापच मारतात," आजी म्हणाली. "छत्तीस वर्षं झाली, मी रोज हेच म्हनतो मनात. तू माइकवर म्हनली."

मित्रमैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. मी कोणाला 'जागृत' करायला गेले होते? गावातल्या किती ओसऱ्यांवर अशी एखादी गोष्ट अंधारात बसलेली असेल आणि मी तिच्यावर बोट रोखून आले होते! आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी मांत्रिकाला खलनायक करून टाकलं होतं. पण अडचणीच्या वेळी तो काय देत होता ते पाहिलंच नव्हतं. तो जवळ होता. रात्री उठत होता. फॉर्म भरायला लावत नव्हता. माणसाजवळ बसत होता. तो विष उतरवू शकत नव्हता, एवढंच. लोक त्याच्याकडे मूर्ख म्हणून जात नव्हते, तर दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून जात होते. ती वाट मग सवयीची झाली.

सकाळी निघताना आजी म्हणाली, "माह्या बापानं गाडगेबाबाचं कीर्तन ऐकलं होतं. म्हने, बाबा लय रागवत, शिव्याबी देत. पन ऐकनाऱ्याले वाटे, हा आपलाच मानूस आपल्याले रागवून राहिला. तू परकी होऊन रागावली."

हे वाक्य घेऊन मी नागपूरला परत आले.

माझी रूममेट अमरावती जिल्ह्यातली. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, बाबांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग आहे! तू ऐकलं नाहीस?" १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्र्याला गाडगेबाबांचं कीर्तन झालं, त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबर १९५६ ला, बाबा गेले. आम्ही दोघींनी एक-एक इअरफोन कानात घालून ते ऐकलं. पहिल्यांदा मला निम्मं कळलंच नाही. अस्सल वऱ्हाडी बोली, खरखरता आवाज. दुसऱ्यांदा ऐकताना मी वही घेतली. तिसऱ्यांदा ऐकताना माझे सात कप मला शोकेससकट खोटे वाटायला लागले!

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म १८७६, शेंडगाव, जिल्हा अमरावती. शाळेत न गेलेला माणूस. १९०५ साली घर सोडलं आणि पन्नास वर्षं हातात खराटा घेऊन महाराष्ट्रभर फिरला. लोकांना कर्ज काढून सण करू नका, नवसाला बकरी कापू नका, दारू पिऊ नका, पोरांना शिकवा, असं सांगत राहिला. यातली एक तरी गोष्ट लोकांना ऐकायला आवडणारी आहे का? तरीही हजारो लोक ऐकायला बसायचे. का बसायचे, याचं उत्तर माझ्या वहीत पुढीलप्रमाणे सापडलं.

पहिली गोष्ट, बाबांचं कीर्तन माइकवर सुरू होतच नसे. ते सकाळी सुरू होई. गावात आल्या आल्या बाबा खराटा घेऊन रस्ते झाडायला लागत. रात्री हा माणूस स्वच्छतेवर बोलायला उभा राहिला की 'तू कोण सांगणारा?' असं विचारायची सोयच राहत नसे. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न ठेवता गोडाचं जेवण दिलं होतं. आधी स्वतःच्या घरात करायचं, मग दुसऱ्याच्या दारात सांगायचं.

दुसरी गोष्ट, बाबा सांगत नसत, विचारत. संपूर्ण कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरं. साधा प्रश्न, ज्याचं उत्तर शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही येईल. लोक ओरडून 'हो' म्हणत, 'नाही' म्हणत. मग त्यातूनच पुढचा प्रश्न. पाच-सहा प्रश्नांनी माणूस अशा जागी येऊन पोचतो की निष्कर्ष त्याच्याच तोंडून निघतो. वायवात एक्स्टर्नल आपल्याला असंच कोपऱ्यात नेतात, पण ते मार्क कापायला. बाबा नेत ते सोडवायला!

तिसरी गोष्ट, उदाहरणं सगळी समोरच्याच्या घरातली. देव, ताटवाटी, कपडे, कर्ज, पोराची शाळा. शिक्षणाचं महत्त्व सांगायला त्यांनी टक्केवारी सांगितली नाही, डॉ. आंबेडकरांचं नाव घेतलं. एक माणूस शिकला तर काय होतं ते लोकांना डोळ्यांसमोर दिसलं.

आणि चौथी गोष्ट, मागणी छोटी. 'समाज बदला' असं नाही. उद्यापासून अमुक करू नका, तमुक करा. घरी जाऊन लगेच करता येईल एवढंच.

आता गंमत बघा. फर्स्ट इयरला कम्युनिकेशन स्किल्सच्या नोट्स आपण सगळ्यांनीच पाठ केल्या होत्या. सव्वादोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने सांगून ठेवलंय की मन वळवण्याचे तीन मार्ग आहेत: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या ॲलन मन्रो यांनी १९३० च्या दशकात पाच पायऱ्या मांडल्या: लक्ष वेधा, गरज दाखवा, उपाय सांगा, तो केला तर काय होईल ते डोळ्यांसमोर उभं करा, आणि शेवटी नेमकी कृती मागा. मी या पाच पायऱ्या लिहून पाच मार्क मिळवले होते. शेंडगावच्या, शाळा न पाहिलेल्या माणसाने त्या पायऱ्या न वाचता चढून दाखवल्या. खराटा म्हणजे विश्वासार्हता. प्रश्न म्हणजे तर्क. आणि भावना? ती वेगळी आणावीच लागली नाही, कारण माणसाला आपलं मानलं होतं.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री मी पुन्हा दवनीवाड्याच्या मंडपात उभी राहिले. काकांना विनंती करून पंधरा मिनिटं मागून घेतली होती. प्रोजेक्टर नाही, चादर नाही. सोबत एक बोरा, एक मच्छरदाणी, एक टॉर्च आणि लाकडाची एक पट्टी. त्याआधी मी आणखी दोन गोष्टी केल्या. दुपारी आजीला विचारलं, "आत्याचं सांगू का?" ती म्हणाली, "पाहू." आणि संध्याकाळी मंडपामागचं वाढलेलं गवत मंडळाच्या पोरांबरोबर कापलं. खराटा नाही, पण विळा तरी!

"आवाज येऊन राहिला का?" मी स्वतःच विचारलं. "हाव!"

मग सरळ प्रश्नच विचारला. "ज्यांच्या घरी, शेजारी, नात्यात कोणाला साप चावला, त्यांनी हात वर करा." जवळपास सगळा मंडप वर! ज्या विषयावर मी 'माहिती' द्यायला आले होते त्या विषयाचे तज्ज्ञ तर समोर बसले होते.

"त्यातले वाचले किती?" बरेच हात तसेच राहिले.

"मंत्राने वाचले?" एक म्हातारे आजोबा ठासून म्हणाले, "माहा पोरगा वाचला नं मंत्रानं!" मागच्या वेळी मी यावर आकडा फेकला असता. या वेळी म्हटलं, "वाचला हे फार बेस झालं, आजोबा. साप कोणता होता?" "अंधार होता, दिसला नाही." "म्हणजे धामण होती की नाग, माहीत नाही?" "नाही."

मग मी विचारलं, "बेडूक ओरडतो अन् पाऊस येतो. पाऊस बेडकानं आणला का?" पोरं हसली. "नाही!" "बेडूक नसता ओरडला तर पाऊस आला असता का?" "हाव!" "मग बिनविषारी साप चावला, मंत्र म्हटला अन् माणूस वाचला. मंत्र नसता म्हटला तर?"

कोणी मोठ्याने उत्तर दिलं नाही. पण आजोबा विचारात पडलेले मला दिसले. मी त्यांना तिथेच सोडलं. हरवलं नाही. हेही बाबांच्या कीर्तनातूनच शिकले. माणसाला भर मंडपात हरवलं तर तो घरी जाऊन जास्त घट्ट होतो.

मग माहिती सांगितली, पण अगदी थोडी. भारतात सापांच्या तीनशेहून जास्त जाती, त्यातल्या बहुतेक बिनविषारी. सर्वांत जास्त जीव घेणारे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आपल्याकडे दवाखान्यात मिळणारी लस या चारही विषांवर चालते, म्हणून साप पकडून न्यायची गरज नाही. ही लस घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तापासून तयार करतात, हे सांगितल्यावर पोरांचे डोळे एवढे मोठे झाले! बोरा अंथरला, मच्छरदाणी लावली आणि तिच्या कडा बोऱ्याखाली खोचून दाखवल्या. मण्यार रात्री घरात शिरते, झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही. पोट दुखतं, पापण्या पडतात. एका मुलाला झोपवून त्याच्या पायाला लाकडाची पट्टी सैल बांधली, पाय हलवू नये एवढ्यासाठी. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, पळवायचं नाही. अंगठी, बांगड्या, तोरड्या काढायच्या.

आणि मग मी थांबले. पुढचं वाक्य आत्याचं होतं आणि ते म्हणायची मला हिंमत होत नव्हती.

तेव्हा आजी बसल्या जागेवरूनच बोलली. माइक नाही, उभं राहणं नाही.

"माह्या पोरीच्या पापन्या अशाच पडल्या होत्या. आमाले वाटलं, झोपून राहिली. त्या रातच्याले गाडी असती तं मी कोनाकडेच नसती गेली. आता घरोघरी गाडी आहे, बाप्पा. आता जाऊ नका."

पाच-सहा वाक्यं. माझ्या बावीस स्लाइड्स एका पारड्यात आणि ही पाच-सहा वाक्यं दुसऱ्या पारड्यात!

त्यानंतर मी एकच मागणी केली. "मांत्रिकाकडे जाऊ नका" असंही मी म्हटलं नाही. म्हटलं, "आधी १०८ ला फोन करा. आणि गावातली जी गाडी तयार असेल ती काढा. बाकी सगळं त्यानंतर." १०८ ची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. नंबर सगळ्यांनी ऐकलेला होता, पण सापासाठी तो लावायचा हे पुष्कळांच्या डोक्यात नव्हतं.

या वेळी प्रश्न आले! विंचवाला हीच लस चालते का? (नाही, त्याचे उपचार वेगळे.) लसीला पैसे लागतात का? (सरकारी दवाखान्यात नाही.) फोनला रेंज नसली तर? हा प्रश्न सगळ्यांत खरा होता. त्यावर उत्तर माझ्याकडे नव्हतंच, ते गावातूनच आलं. गाडीवाल्यांची नावं आणि नंबर मंडपाबाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवायचे असं तिथल्या तिथे ठरलं.

सगळे उठल्यावर एक वयस्कर गृहस्थ माझ्याजवळ आले. आजीने नंतर सांगितलं, गावात आता सापाचं तेच बघतात. माझ्या पोटात गोळा आला. ते म्हणाले, "नंबर काय म्हनला?" मी म्हटलं, "एकशे आठ." त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "एकशे आठ? मन्यांएवढाच. मंग राहीन ध्यानात."

ते पुढे काय करतील, मला माहीत नाही. गाव बदललं असा दावा मी करणार नाही. पंधरा मिनिटांत गाव बदलत नसतं. पण नंबर कसा लक्षात ठेवायचा हे माझ्या श्रोत्यानेच मला शिकवलं, आणि आता मी जिथे जाते तिथे तसाच सांगते.

आता हॉस्टेलवासीयांसाठी थोडं कामाचं. उद्या तुमचा सेमिनार असेल, परवा प्लेसमेंट असेल. माझ्या एका पडलेल्या आणि एका तरलेल्या भाषणातून जे हाती लागलं ते असं:

१) माहिती देणं आणि मन वळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. माहिती देताना विचारा, 'यांना काय माहीत नाही?' मन वळवताना विचारा, 'हे आज जे करतात ते का करतात?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय माइकला हात लावू नका.

२) तीन मुद्दे पुष्कळ झाले. बावीस स्लाइड्स स्वतःच्या धीरासाठी असतात, श्रोत्यांसाठी नाही.

३) आकडा सांगाच, पण एकच, आणि तो समोरच्याच्या हाताने मोजता आला तर उत्तम. 'अठ्ठावन्न हजार' ऐकून कोणी हललं नाही. वर झालेले हात बघून सगळे हलले.

४) पहिला प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर सगळ्यांना येतं.

५) विरोध करणारा श्रोता हा सर्वांत कामाचा श्रोता. तो निदान ऐकतोय! त्याला उत्तर द्या, पण त्याचा पाणउतारा करू नका.

६) दाखवता येईल ते दाखवा. मच्छरदाणी खोचायला दहा सेकंद लागतात, समजावायला दहा मिनिटं.

७) भीती आणि कायदा ही शेवटची शस्त्रं आहेत. पहिल्यांदाच काढली तर समोरचा माणूस मनाचं दार लावून घेतो.

८) शेवटी एकच कृती मागा. आज रात्री करता येईल अशी.

आणि नववा मुद्दा कोणत्याही नोट्समध्ये नाही. मंडपात कोणीतरी असं बसलेलं असतं, ज्याच्यासाठी आपला 'टॉपिक' हा टॉपिक नसतो. रक्तगटावर बोला, रस्ता अपघातावर बोला, दारूवर बोला, ते माणूस कुठल्या तरी रांगेत असतंच. बोलताना त्याची आठवण ठेवली की शब्द आपोआप नीट निवडले जातात.

त्या रात्री घरी जाताना मी आजीला विचारलं, "आजचं कसं झालं?" मला वाटलं, शाबासकी देईल. ती म्हणाली, "त्या दिवशी तू वाचून राहिली होती. आज बोलली." मग थोडं थांबून म्हणाली, "जराशी भरभर बोलतेस. पुढच्या गनपतीले सावकाश बोल."

म्हणजे पुढच्या गणपतीचं आमंत्रण पक्कं! या वेळी जाईन तेव्हा 'आवाज येऊन राहिला का?' हे आधी आजीलाच विचारीन. ती 'हाव' म्हणाली, तरच पुढे बोलेन.